ठोक्यांचा हिशेब ठेवून पळणं

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला ‘आरोग्य’ असा विषय दिला होता. मी काही डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली, आकडे बघण्यात गेली. म्हणून आरोग्यातला जो भाग आकड्यांचा आहे तेवढाच आज घेतो. तो म्हणजे हृदयाचे ठोके आणि ते बघून पळायचं किंवा चालायचं कसं.

हा विषय आत्ताच का, तेही सांगतो. रौप्यमहोत्सवानिमित्त कार्यकारिणीनं पाच किलोमीटरची दौड ठरवली आहे. कल्पना उत्तम आहे. सकाळी सहाला फाटकातून बाहेर पडणारी माणसं आता तीस-पस्तीस झाली आहेत. पुण्याला नोकरी करणाऱ्या पोरांनी आईवडिलांना मनगटावरची घड्याळं आणून दिली आहेत. त्यात ठोके दिसतात, रंग दिसतात, ‘झोन दोन’, ‘झोन चार’ असं काहीतरी येतं. पण त्याचा अर्थ काय हे मला रोज कोणीतरी जिन्यात विचारतं. दुसरं असं, की दोन वर्षांपूर्वीच्या २६ जानेवारीच्या शर्यतीत आपल्यातलेच एक सदस्य घेरी येऊन खाली बसले होते, ते सगळ्यांना आठवत असेल. सुदैवानं थोडक्यात निभावलं. दौडीला जाण्याआधी हा हिशेब सगळ्यांना समजावा, म्हणून हा विषय.

सुरुवात साध्या गुणाकारानं करू. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देतं असं धरा. तासाला ४,२००. दिवसाला १ लाख ८००. रोज लाखाचा व्यवहार, एकही सुट्टी नाही, दिवाळीलाही नाही. एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. पळायला लागलं की पायांचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात आणि हृदय ठोके वाढवून तो पुरवतं. पण वाढवायलाही मर्यादा आहे. प्रत्येकाच्या हृदयाचा एक कमाल आकडा असतो. वय वाढतं तसा तो खाली येतो, आणि कितीही व्यायाम केला तरी तो फारसा वाढत नाही.

या कमाल आकड्याचे पाच हिस्से केले, त्यालाच पाच झोन म्हणतात. ५० ते ६० टक्के हा पहिला, म्हणजे रमतगमत फिरणं. ६० ते ७० टक्के हा दुसरा. यात श्वास वाढतो, घाम येतो, पण पूर्ण वाक्य बोलता येतं. ७० ते ८० टक्के हा तिसरा. इथं वाक्य तुटायला लागतं. ८० ते ९० टक्के हा चौथा, त्यात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलणं होत नाही. आणि ९० च्या वर पाचवा. तिथं धाप, बाकी काही नाही, आणि तेही फार वेळ टिकत नाही.

आता कमाल आकडा काढायचा कसा? सगळ्यांना माहीत असलेलं सूत्र म्हणजे २२० वजा वय. हे १९७१ पासून चालत आलं आहे. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून काढलेली ती एक ढोबळ रेघ होती. पुढं २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ जणांचे आकडे तपासले आणि दुसरं सूत्र दिलं. वयाला ०.७ नं गुणायचं आणि ते २०८ मधून वजा करायचं. गंमत बघा, चाळिशीच्या माणसाला दोन्ही सूत्रांनी १८० च येतात. पण विशीतल्या मुलाला पहिल्यानं २०० आणि दुसऱ्यानं १९४. सत्तरीच्या माणसाला पहिल्यानं १५० आणि दुसऱ्यानं १५९. म्हणजे जुनं सूत्र आपल्यासारख्या ज्येष्ठांना नऊ ठोके कमी दाखवतं. आणि दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. चपलेचा नंबर वयावरून ठरवला तर कसा बसेल, तसंच हे.

हिशेबात आणखी एक मेख आहे. फिनलंडमधल्या कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये वेगळी पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं असं, की हृदय शून्यावरून सुरू होत नाही, विश्रांतीच्या आकड्यावरून सुरू होतं. म्हणून कमाल आकड्यातून विश्रांतीचे ठोके वजा करा, उरलेल्या शिलकीचे टक्के काढा आणि त्यात विश्रांतीचे ठोके परत मिळवा. सत्तरीचे एक गृहस्थ घ्या, कमाल १५९, विश्रांतीला ६५. सरळ टक्क्यांनी त्यांचा दुसरा झोन येतो ९५ ते १११. कार्व्होनेन पद्धतीनं तोच ६० ते ७० टक्क्यांचा टप्पा येतो १२१ ते १३१. माणूस तोच, टक्के तेच, आकडे वेगळे! सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांत गल्लत केली की खातेदार भांडायला येतो, तसा हा प्रकार आहे. काही घड्याळं पहिल्या पद्धतीनं झोन काढतात, काही दुसऱ्या. त्यामुळे शेजारच्याचं घड्याळ दुसरा झोन दाखवतंय आणि माझं चौथा, याची काळजी करू नका. आधी कोणतं घड्याळ कोणत्या पद्धतीनं मोजतंय ते पोरांकडून बघून घ्या.

मग खरं काय मानायचं? सगळ्यांत जुनी आणि फुकटची कसोटी म्हणजे बोलणं. चालताना किंवा पळताना शेजारच्याला पूर्ण वाक्यात घरची हकीकत सांगता येत असेल, तर तुम्ही सोप्या झोनमध्ये आहात. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागलं, की झोन बदलला. घड्याळाचा आकडा आणि ही कसोटी यांचा मेळ आठ-दहा दिवस बसवून बघा. कितव्या ठोक्याला आपलं वाक्य तुटतं ते कळतं, आणि तोच आपला खरा आकडा. सूत्राच्या आकड्यापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या लोकांची समजूत अशी, की धाप लागली, तोंडाला फेस आला, तरच व्यायाम झाला. मला वाटतं या समजुतीला आपल्या गावचं एक कारण आहे. धाराशिव हे खो-खोचं गाव. आपल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण खो-खो हा झपाट्याचा खेळ आहे. काही सेकंद जीव तोडून पळायचं, हुलकावणी द्यायची, बसायचं, परत उठायचं. ते मैदान बघत आपण मोठे झालो, म्हणून पळणं म्हणजे सुसाट पळणं असं डोक्यात बसलं.

लांब पळण्याचं गणित वेगळं आहे. नॉर्वेत काम करणारे अमेरिकी संशोधक स्टीफन सायलर यांनी जगातले उत्तम स्कीपटू, नौकानयनपटू, सायकलपटू आणि धावपटू रोज सराव कसा करतात ते तपासलं. त्यांना आढळलं, की या मंडळींच्या सरावांपैकी साधारण ८० टक्के सराव सोपे असतात, बोलता येईल इतके सोपे. उरलेले २० टक्के मात्र खरोखर कठीण. ज्यांना पदक मिळवायचंय तेच एवढं हळू पळतात, तर आपल्याला कसली घाई?

हळू पळून होतं काय? हृदयाचा डावा कप्पा हळूहळू जास्त रक्त मावेल असा होतो, म्हणजे एका ठोक्यात जास्त काम होतं. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची, मायटोकॉन्ड्रियांची, संख्या आणि क्षमता वाढते. शरीर चरबीचा इंधन म्हणून जास्त वापर करायला शिकतं. परिणाम असा, की आज ज्या वेगाला १३० ठोके पडतात, त्याच वेगाला काही महिन्यांनी १२० पडतात. ही मुदत ठेव आहे. रोज थोडी थोडी पडते आणि वेळ गेल्यावरच वाढलेली दिसते. चौथा-पाचवा झोन म्हणजे ओव्हरड्राफ्ट. अडीनडीला काढावा, रोज काढू नये. स्नायूंत लॅक्टेट साचायला लागतं, थकवा दुसऱ्या दिवशी उरतो, आणि तरी माणूस परत पळतो. मग गुडघे दुखतात, झोप बिघडते आणि पंधरा दिवसांत पळणंच बंद होतं. दर जानेवारीत आपल्या कॉलनीत हे बघायला मिळतं.

इथं एक गैरसमज दूर करतो. काही यंत्रांवर दुसऱ्या झोनला ‘चरबी जाळणारा झोन’ असं लिहिलेलं असतं. त्यात चरबीचा वाटा जास्त असतो हे खरं, पण त्याच वेळात एकूण ऊर्जा कमी खर्च होते. नुसता झोन धरल्यानं पोट उतरत नाही. त्याला ताटातही बघावं लागतं.

सोप्या झोनची ताकद बघायची तर नॉर्वेला जायला नको. कोजागरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरला पायी येणारे भाविक बघा. जवळपास ४५ किलोमीटर! त्यात साठीच्या बायका असतात, पोरं असतात, कोणी कधी मैदानावर न गेलेले असतात. पण देवीचं नाव घेत, बोलत, हसत रात्रभर चालतात. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आपल्याच गावावरून पंढरपूरला जाते. वारकरी चालता चालता अभंग म्हणतात. अभंग म्हणणारा माणूस चौथ्या झोनमध्ये असूच शकत नाही, गळ्यातून सूर निघणार नाही! दिवसचे दिवस चालायची ही शक्ती तशी सोप्या झोनचीच आहे. फक्त त्याला कोणी इंग्रजी नाव दिलेलं नव्हतं.

आणि आपला शेजारचा बीड जिल्हा घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे. लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटरची पायपीट, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती, सियाचीनला नेमणूक, आणि स्पर्धेतलं पळणं त्यानंतर सुरू झालं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत. लहानपणच्या त्या पायपिटीला कोणी प्रशिक्षण म्हणालं नसेल, पण पाया तिथूनच पडत असतो असं मला वाटतं.

आता अगदी आपल्या फाटकाजवळचं उदाहरण. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत २० गुण एकट्या लांब पळण्याचे आहेत. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८००. मुलांना पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. हा पोरगा रोज पहाटे क्रीडा संकुलावर जायचा आणि रोज १,६०० मीटर जीव तोडून पळायचा. आठ महिने वेळ ६ मिनिटं २० सेकंदांच्या खाली येईना. माझ्या मुलाचं जुनं घड्याळ त्याला दिलं. बघितलं तर रोज १९० च्या आसपास ठोके. त्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांशी बोललो. त्यांनी आठवडा बसवून दिला. चार दिवस १५० च्या आत ४० ते ५० मिनिटं, दोन दिवस ४०० मीटरचे वेगवान तुकडे आणि मध्ये विश्रांती, एक दिवस पूर्ण सुट्टी.

पहिले तीन आठवडे त्याला फार जड गेले. १५० च्या आत राहायचं तर चढावर चालावं लागे. बाकीची पोरं हसायची, ‘काय रे, वरातीत निघालास का?’ म्हणायची. एकदा त्यानं घड्याळ परत आणून दिलं. त्याची आई त्याला घेऊन परत आली. पाच महिन्यांनी वेळ झाली ५ मिनिटं ३२ सेकंद. अजून बावीस सेकंद हवेत, म्हणजे काम झालेलं नाही. एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. पण शास्त्र याच्याशी जुळतं. पाच मिनिटांच्या पळण्यात ऊर्जेचा मोठा भाग प्राणवायूच्या जोरावरच तयार होतो. पाया रुंद झाल्याशिवाय वरचा मजला चढत नाही, हे बांधकाम बघितलेल्या आपल्या जुन्या सभासदांना सांगायला नको. शेवटचे बावीस सेकंद मात्र वेगाच्या सरावानंच निघतील, असं त्याचे सर म्हणतात.

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या ठोके दाबून ठेवतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही त्या जातीची नावं. गोळीच्या पाकिटावर बघा. ही गोळी चालू असेल तर वर सांगितलेली कुठलीच सूत्रं लागू होत नाहीत. घड्याळ ९५ दाखवत असतं, रंग हिरवा असतो, आणि माणूस प्रत्यक्षात शिकस्त करत असतो. मी स्वतः याच जातीची गोळी बरीच वर्षं घेतो. त्यामुळे तुम्हाला आकडे सांगणारा मी, स्वतः मात्र बोलण्याच्या कसोटीवर चालतो. घड्याळासाठी गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. अशा सदस्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्ट्रेस टेस्ट करून स्वतःची मर्यादा विचारून घ्यावी. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या घरात हृदयविकार आहे, ज्यांनी चाळिशीनंतर पहिल्यांदाच बूट घातलेत, त्यांनीही आधी तपासणी करावी.

घड्याळाबद्दल दोन गोष्टी. मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह बघतं. पट्टा ढिला असेल, हात गार पडला असेल, तर ते चुकतं. कधी कधी तर ठोक्यांऐवजी पावलांचा ताल मोजतं! आकडा एकदम १७० झाला आणि तुम्ही मजेत बोलताय, तर घाबरू नका, पट्टा आवळा. छातीला बांधायचा पट्टा जास्त अचूक असतो. बिनतारी पद्धतीनं ठोके दाखवणारं असं यंत्र फिनलंडच्या पोलर कंपनीनं १९८२ मध्येच बाजारात आणलं होतं. आणि घड्याळच नसेल तर दोन बोटं मनगटावर ठेवा, १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. मात्र थांबल्याबरोबर मोजा. अर्ध्या मिनिटात ठोके बरेच खाली येतात.

आपल्या हवेचाही हिशेब धरा. एप्रिल-मे महिन्यात उन्हात तोच वेग, तोच रस्ता, पण ठोके जास्त पडतात. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, घामानं पाणी कमी होतं. अशा दिवशी वेग कमी करावा, ठोके तेवढेच ठेवावेत. बालाघाटच्या डोंगरावर वसलेलं आपलं गाव, त्यामुळे चढउतार पाचवीलाच पुजलेला. हातलाई देवीकडे जाताना चढावर चाला, सपाटीवर पळा. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक सवय लावा. सकाळी उठल्यावर अंथरुणातून बाहेर पडायच्या आधी नाडी मोजून वहीत लिहा. महिनाभरात तुमची सरासरी कळेल. नंतर एखाद्या सकाळी ती सात-आठ ठोक्यांनी जास्त आली, दुसऱ्या दिवशीही जास्तच राहिली, तर शरीर काहीतरी सांगतंय. झोप अपुरी असेल, ताप येऊ घातला असेल, सराव जास्त झाला असेल. त्या दिवशी विश्रांती घ्या. ज्या खात्याचा रोज ताळमेळ बसतो, त्यात मोठा घोटाळा होत नाही.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाठ करा. चालताना किंवा पळताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, अंगाला गार घाम, ठोके अडखळत पडणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं. झोन बघत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि एकट्यानं घरी चालत जायचं नाही.

शेवटी कार्यकारिणीला तीन विनंत्या. पहिली, दौडीत साठ वर्षांवरच्या गटात पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांक काढू नयेत. बक्षीस ठेवलं की सत्तरीचा माणूसही विशीतला होतो. त्याऐवजी पाच किलोमीटर पूर्ण करून शेवटी आपलं नाव, फ्लॅट क्रमांक आणि सोसायटीचा पूर्ण पत्ता एका दमात सांगेल, त्या प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावं. आपला पत्ता केवढा लांब आहे हे आपल्याला माहीतच आहे, कसोटी चांगली होईल! दुसरी, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोण किती किलोमीटर पळालं याची यादी टाकणं बंद करावं. त्या यादीपायी दोन-तीन जण ताप अंगात असताना बाहेर पडले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिसरी, वॉचमनच्या मुलासाठी आणि त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या मुलामुलींसाठी सोसायटीनं एक छातीचा पट्टा आणि एक चांगलं स्टॉपवॉच घ्यावं. खर्च फार नाही. पहिली वर्गणी मी आज खजिनदारांकडे जमा करतोय, पावती मात्र द्या.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा आपल्यातले बरेच जण चाळिशी-पन्नाशीत होतो आणि जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होतो. सुवर्णमहोत्सवाला यातले किती जण असू, ते आई तुळजाभवानीच्या हातात. पण उद्या सकाळी किती वेगानं चालायचं, ते आपल्या हातात आहे. सहा वाजता फाटकापाशी भेटू. बोलत बोलत जाऊ.